घरतबाईंचं पोटॅशियम

परवा शाळेतून फोन आला. पेणच्या आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिका निघतेय. संपादक माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, घरतबाईंवर तुम्हीच लिहा. दोनशे शब्द पुरे. जरा गोड गोड आठवणी असू द्या. आणि हेडसरांच्या ऑफिसात त्यांनी आग लावली होती ना, तो किस्सा टाकाच. लोकांना फार आवडतो."

मी फोन आपटला. म्हणजे आपटावासा वाटला. मोबाइल आपटता येत नाही, बोटाने बटण दाबावं लागतं आणि राग तसाच अंगात राहतो.

आग लावली म्हणे! भाताच्या दाण्याएवढा पोटॅशियमचा तुकडा, पाण्याने भरलेलं काचेचं भांडं, आणि क्षणभर जांभळी ज्योत. एवढीच ती आग. टेबलावरचा कागदसुद्धा जळला नाही. पण त्याच आठवड्यात एका हुशार मुलीचं शिक्षण संपवलं गेलं, तो किस्सा कुणाला आवडत नाही. तो कुणाला आठवतही नाही. मला आठवतो, कारण संपवणाऱ्यांत मी होते. तर दोनशे शब्दांत हे बसायचं नाही आणि गोड तर मुळीच लागायचं नाही. छापायचं तर छापा, नाही तर खड्ड्यात जा.

सुमन घरत. खाडीकडच्या गावातली, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली, आणि गेली ती थेट रसायनशास्त्रात एम.एस्सी. करूनच परतली. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होते. मी रोह्याची. रोज पॅसेंजरने पेणला यायचे आणि संध्याकाळी परतायचे. ती पेणमध्येच खोली घेऊन राहायची. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण अहोजाहो केलं की खेकसायची. "काय गो शैला, मी काय तुझी सासू हाय?" म्हणून इथेही मी 'ती'च लिहिणार आहे.

रागीट होती का? होती. पण तिचा राग कुणाच्या चेहऱ्यावर नसायचा, आळशीपणावर असायचा. 'साधारण' हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. शिपाई म्हणाला, "बाई, टाकीत साधारण पाणी हाय," की हिचं सुरू. "साधारण म्हणजे किती? वर चढ, काठी घाल, ओली किती झाली ते बघ आणि मग बोल." तो बिचारा चढायचा. मी एकदा म्हटलं, अगं, जाऊ दे की. तर माझ्यावर उलटली. "जाऊ दे, जाऊ दे म्हणूनच सगळं गेलंय आपलं."

डब्यात बहुतेक दिवशी सुकट किंवा सुका बोंबील. स्टाफरूममधल्या काही बायका नाकाला पदर लावून खिडकीकडे सरकायच्या. दुसरी कुणी असती तर कोपऱ्यात बसून गुपचूप खाल्लं असतं. ही डबा घेऊन बरोबर मधल्या टेबलावर बसायची, झाकण उघडायची आणि मोठ्याने म्हणायची, "या, जेवायला या सगळ्या." कुणी यायचं नाही. पहिले सहा महिने मीही गेले नाही. सातव्या महिन्यात गेले आणि मग रोजच जात राहिले. सुकटीत वांगं घालावं ते तिनेच.

तिच्या वर्गात आडनाव नव्हतं. हजेरी असो, प्रश्न असो, शाबासकी असो की धपाटा, सगळं नंबराने. "बावीस, उभा राहा. सात, तू सांग." पालकांच्या तक्रारी आल्या, की मुलांना कैद्यासारखी हाक मारतात. हेडसरांनी बोलावून विचारलं. ती म्हणाली, "सर, बाकी सगळ्या वर्गांत आडनाव कळलं की कोण पुढच्या बाकावर बसणार आणि कोण मागच्या, ते ठरलेलं असतं. माझ्या वर्गात नंबर लावलाय. नंबराला बाप नसतो." हेडसरांनी तक्रारींची पत्रं खणात टाकली. मागच्या बाकांवरची पोरं मात्र त्या वर्षापासून विज्ञानाच्या तासाला पुढे सरकून बसू लागली, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या मागच्यांतली एक म्हणजे वनिता. घरतबाईच्याच बाजूच्या खाडीगावातली, आईबाप दोघंही मिठागरावर. किडकिडीत, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि मराठीच्या तासाला तोंड उघडायची नाही. मला ती मठ्ठ वाटायची. हेही लिहून ठेवते. माझ्या विषयात जी बोलत नाही ती मठ्ठ, असं माझं शहाणपण होतं. विज्ञानाच्या तासाला हीच पोर हात वर करून करून खांदा निखळवून घ्यायची.

एकदा त्या वर्गाशेजारून जात होते. घरतबाईने आपला बाप राबायचा त्या मिठागरातलं जाडं मीठ एका बरणीत भरून आणलं होतं आणि प्रत्येकाच्या तळहातावर चार चार खडे ठेवत होती. "चाखा. ह्या मिठात क्लोरीन हाय. पण तो दोन वजनांचा हाय. काही अणू पस्तीस वजनाचे, काही सदतीस. आता जिभेने सांगा, कुठला पस्तीसचा आणि कुठला सदतीसचा?" पोरांनी चाखलं, तोंडं वाकडी केली, एकमेकांकडे बघितलं. बाजारपेठेतल्या दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "बाई, सगळं खारटच लागतंय." वनिता हात वर करून उभीच राहिली. "कळणारच नाय बाई. दोघांचा नंबर सतराच हाय ना?"

घरतबाई हसलेली मी फार वेळा पाहिलेली नाही. त्या दिवशी हसली.

मी बाहेर उभी होते, म्हणून मधल्या सुट्टीत मलाही तास झाला. "ऐक गो. अणूच्या पोटात प्रोटॉन असतात. ते किती, तो त्याचा नंबर, अणुक्रमांक. जेवढे प्रोटॉन आत, तेवढे इलेक्ट्रॉन बाहेर. आणि रसायन म्हणजे सगळी ह्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवघेव. कोण कुणाशी जुळणार, कोण पेट घेणार, कोण ढिम्म बसणार, सगळं त्यांच्यावर. आता पोटात न्यूट्रॉनही असतात. ते नुसते बसून वजन वाढवतात, देवघेवीत त्यांचा काडीचा उपयोग नाय. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीसारखे." मला जोराचा ठसका लागला. तिने पाठीत असा रपाटा घातला की ठसका थांबला आणि पाठ दुखायला लागली.

आता भिंतीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या भिंतीवरून झालं.

प्रयोगशाळेत आवर्तसारणीचा तक्ता नव्हता. सारणी म्हणजे सगळी मूलद्रव्यं ओळीने आणि स्तंभाने मांडलेली असतात तो तक्ता. मागणी करकरून ती थकली आणि एक दिवस म्हणाली, भिंतीवरच काढून घेऊ. पेणमध्ये रंगाऱ्यांना काय तोटा! गणपतीच्या मूर्तींचे कारखाने गल्लोगल्ली. गणपती आटोपले, जरा उसंत मिळाली तेव्हा पांडूकाका आले. कारखान्यात त्यांचं काम एकच, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी. ज्या हाताने गणपतीला दृष्टी यायची त्या हाताने आमच्या भिंतीवर चौकटी आखायला घेतल्या. पुस्तकातला तक्ता बघून चार दिवसांत काम पुरं केलं. प्रत्येक चौकटीत मूलद्रव्याची इंग्रजी खूण, वर त्याचा नंबर, खाली त्याचं वजन म्हणजे अणुभार. अक्षर असं की बघत राहावं.

पाचव्या दिवशी घरतबाई आत गेली आणि तिचा आवाज आम्हाला खालच्या मजल्यावर ऐकू आला. "काका, हे काय करून ठेवलंत!"

मी धावत वर. पांडूकाका कुंचला हातात धरून भिंतीला टेकलेले. झालं होतं असं, की काकांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. रंगवता रंगवता त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या तक्त्यात खालची वजनं चढत चढत जातात आणि मध्येच तीन ठिकाणी घसरतात. अरगॉन जवळजवळ चाळीस, आणि त्याच्यापुढचं पोटॅशियम एकोणचाळीसला थोडं वर. कोबाल्टपुढे निकेल, तेही जरा हलकं. टेल्युरियमपुढे आयोडीन, तीच गत. काका म्हणाले, "बाय, आमच्या कारखान्यात फळीवर मूर्ती लावायची तर धाकटी आधी, मोठी नंतर. मला वाटलं, पुस्तकवाल्याची चूक झाली. म्हणून तिन्ही जोड्या फिरवल्या. मग वरचे नंबर उलटे दिसाया लागले, ते पण सरळ करून टाकले."

"सरळ केलेत? पोटॅशियमला अठरा नंबर दिलात तुम्ही! माझ्या पोटॅशियमचा एक प्रोटॉन काढून घेतलात! एक प्रोटॉन गेला म्हणजे ते पोटॅशियम राहिलंच नाय, काका!"

म्हातारा माणूस, खांद्यावरच्या फडक्यानेच भिंत पुसायला लागला. ते बघून तिचा राग उतरला. तिने स्टूल ओढलं, त्यांना बसवलं आणि मिठाची ती सगळी गोष्ट त्यांनाही सांगितली. काकांनी ऐकून घेतलं. मग विचार करून म्हणाले, "म्हणजे हा साच्याचा नंबर म्हणा की. एका साच्यातल्या दोन मूर्ती कधी सारख्या वजनाच्या नसतात. हात जड पडला की माती जास्त लागते. पण मूर्ती तीच. गिऱ्हाइक वजन नाय सांगत, साच्याचा नंबर सांगतं. आणि साचा बदलला तर वजन भले सारखं भरो, मूर्ती दुसरीच."

घरतबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, हे मला एम.एस्सी.ला कुणी असं सांगितलं नव्हतं."

मला त्या दिवशी कळलं. मराठीवाल्या मला, जिने सायन्सला घाबरून आर्ट्स घेतलं, तिला पांडूकाकांच्या साच्यावरून लख्ख कळलं. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढे मी 'मला त्यातलं काय कळतं' असं म्हणणार आहे, तेव्हा ते साफ खोटं होतं हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असावं.

काकांनी तिन्ही जोड्या पुसून बरोबर आखून दिल्या. भिंत दोन वर्षं छान नांदली.

आता हेडसर. ते लाच खाणारे नव्हते, वशिलेबाज नव्हते. तसे असते तर एक वेळ परवडलं असतं, त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. ते सज्जन होते आणि हेकट होते. त्यांच्या काळात ते विज्ञान शिकले, शिकवलं, आणि त्यांच्या नोट्स शाळेत वीस वर्षं चालत होत्या. सायक्लोस्टाइल केलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांत लिहिलं होतं, मूलद्रव्यांची मांडणी अणुभाराच्या चढत्या क्रमाने करतात. नवीन पुस्तक आलं, त्यात अणुक्रमांक आला. हेडसरांनी पुस्तकही उघडलं नाही आणि नोट्सही बदलल्या नाहीत.

आमच्या शाळेत अकरावी सायन्स नव्हतं. संस्था दर वर्षी दहावीतल्या एका मुलाला किंवा मुलीला बाहेरगावी सायन्सला पाठवायची, राहणं-जेवण संस्थेच्या वसतिगृहात. एकच जागा. त्यासाठी विज्ञानाची वेगळी परीक्षा व्हायची. पेपर हेडसर काढायचे, तपासायचेही तेच. वनिताला ही जागा मिळाली तर ती शिकणार होती. नाही मिळाली तर घरी मिठागर होतं. मधला रस्ता नव्हता. तिच्या बापाने घरतबाईला स्पष्ट सांगितलं होतं, "बाय, संस्था नेत असंल तर न्या. माझ्यानं नाय व्हायचं."

चार मार्कांचा प्रश्न होता. आवर्तसारणीत मूलद्रव्यांची मांडणी कशानुसार करतात? उदाहरण देऊन सांगा. वनिताने लिहिलं, अणुक्रमांकानुसार. उदाहरण दिलं अरगॉन आणि पोटॅशियमचं. शेवटी एक ओळ आपल्या मनाची: 'वजनाने लावले असते तर पोटॅशियम आळशी वायूंच्या रांगेत बसले असते व ते तिथे शोभत नाही.' आळशी वायू म्हणजे अरगॉनसारखे, कशाशीच न जुळणारे. हेडसरांनी त्या उत्तरावर लाल रेघ मारून शून्य दिलं. दोन मार्कांनी तिची जागा गेली. ज्याला मिळाली तो मुलगा वाईट नव्हता. त्याने बिचाऱ्याने हेडसरांच्या जादा तासाला जाऊन नोट्स पाठ केल्या होत्या.

घरतबाई पेपर घेऊन ऑफिसात गेली. मी तिथेच मस्टर भरत बसले होते, म्हणून जे झालं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. आधी ती शांतपणे बोलली. शप्पथ सांगते, शांतपणे. पुस्तक उघडून पान दाखवलं. हेडसर म्हणाले, "बाई, रशियातल्या ज्या थोर शास्त्रज्ञाने ही सारणी मांडली, त्याने वजनानेच मांडली. तुम्ही त्याच्यापेक्षा मोठ्या का?"

"सर, त्याने वजनाने मांडली आणि जिथे वजन आडवं आलं तिथे वजन बाजूला सारलं. टेल्युरियमपुढे आयोडीन त्यानेच बसवलं, वजनाने उलटं पडत होतं तरी. कारण त्याने त्यांचे गुण बघितले. त्याला तेव्हा नंबर ठाऊक नव्हते, सर. तुम्हाला ठाऊक हायत. चौथीतल्या पोराच्या हातात पुस्तक दिलं तरी तो नंबर वाचून दाखवेल."

"मग माझी वीस वर्षांची मुलं चुकीचं शिकली म्हणता?"

"व्हय," ती म्हणाली.

तिथे सगळं बिनसलं. एक 'व्हय'. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं, तसं नाही हो सर, पण आता जरा पद्धत बदललीय. चार गोड शब्द, आणि कदाचित काम झालं असतं. कदाचितबिदाचित काही नाही. मी माझी समजूत घालते, झालं.

हेडसर उभे राहिले. "शून्य बदलणार नाही."

ती वळून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. कसली रडतेय! प्रयोगशाळेतून काचेचं भांडं, पाणी आणि घासलेटात बुडवलेल्या पोटॅशियमची बाटली घेऊन आली. भांडं टेबलावर ठेवलं, "शैला, मागे हो," म्हणाली, चिमट्याने इवलासा तुकडा काढून टिपकागदावर टिपला आणि पाण्यात टाकला. तो तुकडा सुर्रकन इकडून तिकडे धावला आणि जांभळा पेटला.

"हे घ्या. तुमच्या नोट्सप्रमाणे लावलं तर हे आळशी वायूंच्या रांगेत बसतं. आळशी! बघा कसं आळसावलंय ते. अठरा नंबराला ह्याला कुणी बसवून दाखवावं. एकोणीस हाय ते. तुम्ही काय, मी काय, कार्यकारिणी काय, ठराव पास करून एकोणिसाचे अठरा होत नाय!"

ज्योत विझली. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाराशी शिपाई आणि चार पोरं. त्यांच्याच तोंडून दुपारपर्यंत गावात झालं, घरतबाईने ऑफिसात आग लावली. तोच तो लोकांना फार आवडणारा किस्सा.

दुसऱ्या दिवशी निवड समिती बसली. तिघेजण. हेडसर, गणिताचे एक सर, आणि तिसरी मी. गणिताचे सर हो ला हो करणारे, त्यांनी निवडीच्या यादीवर बसल्या बसल्या सही ठोकली. कागद माझ्याकडे आला. हेडसर म्हणाले, "तुमचं काय मत, बाई?"

मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतं, सर." आणि सही केली.

का केली? माझी नोकरी तात्पुरती होती, कायम करण्याची ऑर्डर जूनमध्ये निघायची होती. बस्स, एवढंच. भीती होती म्हणा, स्वार्थ म्हणा. मी पुढे पंचवीस वर्षं पोरांना 'सत्य' या विषयावर निबंध लिहायला लावले, आणि दर वेळी विषय फळ्यावर लिहिताना खडू कचकन मोडायचा. पोरांना वाटायचं, मॅडम रागीट आहेत.

त्याच आठवड्यात हेडसरांनी पांडूकाकांना बोलावणं धाडलं. भिंतीवरची सारणी वजनाप्रमाणे 'दुरुस्त' करा म्हणून. काका आले, भिंतीकडे बघितलं, म्हणाले, "सायेब, एकदा चूक केली ती न कळून. आता कळून नाय करणार. आम्ही आखलेला डोळा फिरवत नसतो." आणि रंगाचा डबा न उघडता गेले. हेडसरांनी शिपायाकडून अख्ख्या भिंतीला चुना मारून घेतला. ओल्या चुन्यातून दोन दिवस चौकटी दिसत होत्या, मग दुसरा हात दिला.

एक डोळे आखणारा म्हातारा, त्याची शाळा चौथीपर्यंत. त्याने नाही म्हटलं. मी बी.ए. बी.एड. मी सही केली.

पुढचं आधी सांगून टाकते. वनिताची जागा गेली ती गेली. दोन वर्षं आईबरोबर मिठागरावर राबली, मग जिते गावी लग्न करून दिली. आता कुठल्याशा कंपनीत पॅकिंगला जाते, शिफ्टमध्ये, असं कानावर येतं. पिंपांवरची लेबलं चिकटवते म्हणे. त्या लेबलावर काय लिहिलंय आणि ते पाण्यात पडलं तर काय होईल, हे त्या शेडमध्ये तिच्याइतकं कुणाला कळत असेल? तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ती आग मी कुणावर ओकू? हेडसर वारले. गणिताचे सर वारले. उरले मी, पेन्शन खात.

घरतबाईला मे महिन्यात 'सेवेची आवश्यकता नाही' असं दोन ओळींचं पत्र मिळालं. ती खांब गावाकडच्या एका शाळेत लागली असं ऐकलं, मग तिथूनही गेली असं ऐकलं. मी शोध घेतला नाही. काय तोंड घेऊन घेणार होते? माझी ऑर्डर जूनमध्ये निघाली. वेळेवर.

पण त्याआधी, सहीनंतरच्या रविवारी, ती रोह्याला माझ्या घरी आली होती. ती शेवटची भेट.

दुपारचे बारा वाजले असतील. ऊन मी म्हणत होतं. दारावर थाप पडली म्हणून बाहेर आले, तर ओट्यावर ती. पेणहून पॅसेंजरने आली होती, स्टेशनापासून चालत. कपाळावर घाम, चपला धुळीने भरलेल्या, खांद्याला कापडी पिशवी.

म्हटलं, "आत ये ना. पाणी देते. जेवूनच जा."

"जेवायला नाय आले." तिने पिशवीतून एक कागद काढला. सगळं लिहूनच आणलं होतं, तिच्या त्या सरळ अक्षरात. फार मोठं नव्हतं. 'सदर प्रश्नाचे विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर असल्याची माझी खात्री आहे. पेपर बाहेरील परीक्षकाकडून तपासून घ्यावा.' खाली माझं नाव, आणि नावावर मोकळी जागा.

"संस्थेचा नियम मी वाचलाय," ती म्हणाली. "यादी जायला अजून चार दिवस हायत. समितीतल्या एकानेही लेखी हरकत घेतली तर पेपर बाहेर पाठवायलाच लागतो. मग माझं कुणी ऐकायला नको, हेडसरांचं पण नको. बाहेरचा कुणीही तपासू दे. एक सही लागते गो. माझी चालत नाय, मी समितीत नाय. तुझी चालते."

मी म्हटलं, "अगं, मी सही करून बसलेय ना एकदा. आता उलट कसं लिहू? काय म्हणतील?"

"चुकले म्हण."

"यांना विचारते. संध्याकाळी सांगते."

"तुला ठाऊक हाय का नाय, तेवढं सांग. नवऱ्याला ठाऊक नसंल. तुला हाय. काका साच्याचं बोलले तेव्हा तू माझ्या बाजूला उभी होतीस."

तिने ओरडावं असं मला वाटत होतं. आयुष्यभर सगळ्यांवर ओरडली, त्या दिवशी माझ्यावर ओरडली असती तर मला चिडता आलं असतं, दार लावून घेता आलं असतं. ती ओरडली नाही. शाईचं पेन काढलं, टोपण काढून मागे लावलं, कागद ओट्याच्या कठड्यावर ठेवून उडू नये म्हणून त्यावर आपला चष्मा ठेवला आणि पेन माझ्यापुढे धरलं. बिनचष्म्याची ती मला ओळखू येईना. डोळे लाल झाले होते, उन्हाने की कशाने, कोण जाणे.

"पोर सकाळी मला विचारत होती," ती म्हणाली, "बाई, माझं नेमकं काय चुकलं? मी तिला काय सांगू, शैला?"

शेजारच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. आतून यांची हाक आली, कोण आहे म्हणून. मी "कोणी नाही" असं ओरडून सांगितलं. तिने ते ऐकलं. हात तसाच पुढे. निब वाळली असेल असं वाटून तिने पेन एकदा झटकलं, ओट्यावर शाईचे दोन थेंब पडले, आणि परत माझ्यापुढे धरलं.

मी दोन्ही हात पदराला पुसत उभी राहिले. हात कोरडेच होते.